पुढच्या सीटवरचे बावन्न किलो

कारखानीस काका नव्या माणसाला नाव विचारत नसत, वजन विचारत. "नाव काय, कोणीही ठेवतं. वजन ज्याचं त्याला कमवावं लागतं," असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये नव्याने राहायला आलेल्या एका बाईंना त्यांनी लिफ्टमधली आठ माणसांची आणि सहाशे किलोंची पाटी दाखवली, आणि अगदी अदबीने विचारलं, "अँड यू, मॅडम?" त्या बाई पुढे कित्येक महिने जिन्याने जात होत्या.

"तब्येतीला चांगलंच आहे," काका म्हणाले.

लोकांच्या खिशाला पेन असतं तसा त्यांच्या खिशाला स्प्रिंगचा काटा असे. हूक बाहेर लोंबत असे आणि त्यात कधी कधी कोणाची तरी ओढणी अडके. खालचा ग्रोसरीवाला त्यांना येताना पाहिलं की न सांगता एक कांदा जास्त टाकायचा. काका तो काट्याला लावून परत द्यायचे. "एक्स्ट्रा नको, हबीबी. बरोबर पाहिजे."

याला कारण त्यांची नोकरी. क्रेन भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत ते होते. कुठलं धूड किती टनांचं, ते उचलायला कुठली क्रेन न्यायची, तिने हात किती लांब केला की ती आडवी होईल, हे कागदावर ठरवायचं काम त्यांचं. वीस वर्षांत त्यांची एकही क्रेन आडवी झाली नव्हती. "माणूस खोटं बोलेल, कागद खोटं बोलेल," ते म्हणत, "वजन लपत नाही."

ते इथे गल्फमध्ये, अल मनखूलला, आमच्याच बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहत, आम्ही बरोबर त्यांच्या वर. एकदा सकाळी ते आईला म्हणाले, "वहिनी, काल पाहुणे होते ना तुमच्याकडे? ऐंशीच्या आसपास, डाव्या पायावर भार जास्त?" आई हादरली. माझा मामा आला होता, आणि त्याचा उजवा गुडघा खरंच दुखत होता. त्या दिवसापासून आई घरात टाचा उचलून चालायला लागली.

जुलै आला की काकांचा भाव वधारायचा. शाळांना सुट्टी लागून अर्धी बिल्डिंग इंडियाला निघायची, आणि विमानात माणशी तीस किलो या एका आकड्याभोवती सगळी घरं फिरायची. मग काका काटा घेऊन दारोदार. "तेहतीस. यल्ला, चला, काय काढताय?" लोक त्यांच्यासमोर बॅगा उघडत. टँगच्या बाटल्या, साबण, बदाम, मेहुण्यासाठी घेतलेला शर्ट, जावेला न सांगता बहिणीसाठी घेतलेलं परफ्यूम. कोणाच्या बॅगेत कोणासाठी काय आहे हे त्यांना सगळं ठाऊक असे आणि त्यांनी ते कधी कोणाला सांगितलं नाही. ते स्वतः मात्र सुट्टीला निघाले की एकच बॅग. अकरा किलो. ठाण्याहून कुंदाकाकूंनी फोनवर बजावलेलं असे, "येताना काही आणू नका हो. ठेवायला जागा नाही."

कुंदाकाकू ठाण्याच्या शाळेत शिकवत. नोकरी पक्की, पुढे पेन्शन, ती सोडून इथे येऊन करायचं काय, म्हणून त्या तिथे आणि काका इथे. गल्फमध्ये अशी घरं पुष्कळ होती. त्या अकरा वर्षांपूर्वी एकदाच महिनाभर येऊन गेल्या होत्या. आईला ती भेट नीट आठवत होती, कारण त्या महिन्यात काकू जवळजवळ कोणालाच दिसल्या नाहीत. त्यांना बंद गाडी सोसत नसे. एअरपोर्टवरून येताना तीनदा गाडी थांबवावी लागली. मग त्या फ्लॅटमध्येच बसल्या. जाताना म्हणाल्या, "तुमच्याकडे सगळं बंद काचेतून बघायचं. काचेतून बघायला ठाण्याला टीव्ही आहे की."

आणि अकरा किलोंवर भागवणाऱ्या काकांनी एका मार्च महिन्यात एक घर विकत घेतलं, चाकांवरचं.

कंपनीतला एक अमेरिकन इंजिनियर नोकरी संपवून परत चालला होता. त्याच्याकडे एक जुना पिकअप आणि त्याच्यामागे ओढायचा कॅम्पर होता. कॅम्पर म्हणजे पांढरा पत्र्याचा डबा, आत पलंग, ओटा, सोफा, टेबल, सगळं बाहुलीच्या संसारासारखं आटोपशीर. काकांनी दोन्ही घेतले. किंमत ऐकून आईने दिरहमचे रुपये करायला मनातल्या मनात बाराने गुणलं आणि डोळे मिटले.

"भावोजी, एकटा जीव तुमचा. एवढ्या गाडाभर घराचं करायचं काय?"

"हलकं आहे, वहिनी. त्यांच्यात हे सगळ्यात हलकं मॉडेल."

डबा बिल्डिंगमागच्या रेतीच्या मोकळ्या प्लॉटवर उभा राहिला. त्याची गंमत अशी की तो गाडीच्या मागच्या हुकाला अडकवायचा नव्हता. पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर, एक जाड लोखंडी थाळी बसवलेली होती. डब्याचं पुढचं टोक सोंडेसारखं वर येऊन त्या थाळीत बसायचं. याला पाचवं चाक म्हणतात, काकांनी सांगितलं.

"पण चाक कुठेय?" बाबांनी विचारलं.

"चाक नाहीच. नुसतं म्हणायचं."

पुढच्याच आठवड्यात त्यांनी एका हॉटेलची घरपोच जेवण पोचवणारी जुनी मोटारसायकल आणली. शंभर सीसीची, वजन एकशे तीन किलो. मागे पेटी बसवायची चार भोकं तशीच होती आणि टाकीवर हसऱ्या कोंबडीचं अर्धवट खरवडलेलं चित्र होतं. ही कॅम्परबरोबर न्यायची, असं त्यांनी जाहीर केलं. का? तर दूध आणायला. समुद्रावर जाऊन डबा उभा केला, संसार मांडला, आणि चहाच्या वेळी दूध संपलं तर? एवढा जोडलेला गाडा सोडवायचा, पिकअप काढायचा, परत येऊन पुन्हा जोडायचा. त्यापेक्षा मोटारसायकल. भुर्रकन जाऊन यायचं.

"पावडर न्या दुधाची," आई म्हणाली.

काकांनी ते ऐकलं नाही.

अडचण एवढीच होती की मोटारसायकल ठेवायची कुठे. साध्या माणसाने पिकअपच्या हौद्यात चढवली असती. पण हौद्यात थाळी आणि थाळीवर डब्याची सोंड. तेव्हा हौदा गेला. त्यांनी मग डब्याच्या मागच्या बाजूला लोखंडी फळी ठोकून घेतली आणि तिच्यावर मोटारसायकल बांधली. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातून बाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. वेग वाढला तसा डबा नकार देणाऱ्या म्हशीसारखा मान हलवायला लागला. मागे एकशे तीन किलो लोंबल्यामुळे पुढची सोंड हलकी झाली होती. काका रस्त्याच्या कडेला उतरले. फळी वाकली होती आणि कोंबडी जमिनीपासून वीतभर उंचीवरून हसत होती.

"सोंड हलकी की हत्ती बिथरला," काका म्हणाले आणि वहीत लिहिलं.

दुसऱ्या खेपेला डब्यामागे आणखी एक छोटी ट्रॉली आणि तिच्यात मोटारसायकल. पुढे पिकअप, मध्ये डबा, मागे ट्रॉली. धैदच्या अलीकडे पोलिसाने थांबवलं. तो बिचारा या टोकापासून त्या टोकापर्यंत शांतपणे चालत गेला, परत चालत आला, आणि म्हणाला, "रफीक, ये गाडी है या रेलगाडी? खलास. पीछे वाला खोलो."

तिसऱ्या वेळी त्यांनी ती पिकअपच्या नाकावर आडवी बांधली. इंजिनाला वारा मिळेना, पाणी उकळलं. चौथ्या वेळी विज्ञानाने हात टेकले आणि बाबांना हेल्मेट घालून मोटारसायकलवर बसवलं. महिना जूनचा होता. बाबा डब्याच्या मागोमाग बारा किलोमीटर गेले आणि एका पेट्रोल पंपाच्या एसीत शिरले ते बाहेरच आले नाहीत. त्या दिवसानंतर काकांचं नाव निघालं की बाबा पाणी प्यायचे.

शेवटी त्यांनी ती डब्याच्या आत घेतली. एका सुताराकडून सोफा उखडला, टेबल उखडलं, जमिनीला चार कड्या बसवल्या आणि मोटारसायकल बरोबर चाकांच्या थोडं पुढे, मधोमध उभी करून पट्ट्यांनी आवळली. डब्याची मान हलायची थांबली.

"हॉल मोटारसायकलला दिला," ते अभिमानाने म्हणाले. "बेडरूम आपली."

पण वजन लपत नाही. मागचं वजन पुढे आलं म्हणजे त्यातलं काही सोंडेतून पिकअपवर आलं. पिकअपची पेलण्याची एक मर्यादा. त्यातून सोंडेचा भार वजा, थाळी वजा, काका स्वतः वजा. बाकी जे उरेल ते शेजारच्या सीटवर बसणाऱ्या माणसाचं. पहिल्यांदा उरले सतरा किलो.

तिथून पुढचे तीन महिने काका डब्यातून सामान काढत होते. जादा गादी, पडदे, पाण्याची दुसरी टाकी, कपाटाची दारं. मग स्वतःतून काढायला लागले. भात सोडला, संध्याकाळी क्रीकच्या कडेने चालायला लागले आणि नव्वदवरून ब्याऐंशीवर आले. गणपतीपर्यंत त्यांनी सीटवर बरोबर बावन्न किलो मोकळे केले. त्यापुढे त्यांनी एक स्क्रूसुद्धा काढला नाही. बावन्नच का, हे आम्हाला कोणालाच सुचलं नाही विचारायचं.

गणपती आमच्याकडे दीड दिवसाचा असे. आरती होऊन प्रसाद चालू होता, हॉलमध्ये पंधरा-वीस माणसं दाटीने बसली होती. मी तेव्हा एकवीस वर्षांची. शाळा इंग्रजी, घर मराठी, आणि बोलणं कुठल्याच भाषेत फारसं नाही. एका कार्गो कंपनीत नुकतीच लागले होते. दिवसभर कागदांवर ग्रॉस वेट, नेट वेट टाइप करायचं काम, म्हणून काकांना माझ्याबद्दल व्यवसायबंधूसारखा आदर होता. मी मोदकांचं ताट फिरवत त्यांच्यापर्यंत आले.

"शाल्मली, वजन किती तुझं?"

मी अठ्ठावन्न किलोंची होते. सगळ्या काकू माझ्याकडे बघत होत्या.

"फिफ्टी टू," मी म्हटलं.

काकांनी हातातला मोदक ताटात परत ठेवला. "बावन्न? नक्की?"

"हो."

"बरोब्बर बावन्न!" त्यांचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर अभिमान वाटला. "वहिनी, शुक्रवारी मुलगी पाहिजे मला. ट्रायलला. बावन्न किलोंचं माणूस बसवून चढ चढून बघायचाय. वाळूची पोती नको, पोती झोके खात नाहीत."

अशी मी काकांचं पोतं झाले. आणि बावन्न झाले, कारण त्या दिवसापासून त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. "काय, बावन्न!" लिफ्टमध्ये. "बावन्न, आई आहे का घरी?" जिन्यात. बिल्डिंगमधल्या मुलांनीही उचललं. मी दर वेळी मान खाली घालत असे. लोकांना वाटे लाजते. मी मनातल्या मनात सहा किलो मोजत असे.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघायचो. पुढे काका आणि मी, मागून आमच्या गाडीत आई-बाबा. धैद, मग मसाफीचा चढ, मग डोंगरातून उतरून दिब्ब्याच्या अलीकडचा समुद्र. पहिल्या दिवशी चढावर पिकअप कण्हायला लागला तसा मला घाम फुटला. माझ्या सहा किलोंनी हे सगळं मागे घसरत दरीत जाणार, आणि उद्या लोक म्हणणार, मुलगी बावन्न म्हणाली होती. मी श्वास रोखून धरला, जणू त्याने हलकी होईन.

"बावन्न, श्वास घे," काका रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले. "हवेला वजन नसतं एवढं."

बीचवर पोचल्यावर त्यांनी डब्यातून दोन घडीच्या खुर्च्या काढल्या, छोट्या सिलिंडरवर चहा केला. मग पट्ट्या सोडून, फळीवरून मोटारसायकल रेतीवर उतरवली आणि दूध आणायला गेले. दूध होतं. तरी गेले. येताना पाहिलं तर ते टाकीला पोट टेकेपर्यंत पुढे सरकून बसले होते, मागची अख्खी सीट मोकळी.

"एवढं पुढे का बसता, भावोजी?" आईने विचारलं.

"सवय करतोय."

चहा पिताना मग त्यांनी ते सांगितलं, बिस्किटाचं वजन सांगावं तशा आवाजात. कुंदाकाकू नाताळच्या सुट्टीत येणार होत्या. आवडलं, सोसलं, तर नोकरीचा राजीनामा देऊन कायमच्या येणार, असं म्हणाल्या होत्या. अकरा वर्षांत त्या पहिल्यांदाच असं म्हणाल्या होत्या. लग्न नवं होतं तेव्हा काकांकडे एक सेकंडहँड मोटारसायकल होती. ते येऊरला जात, घोडबंदरला जात, एकदा तर पार अलिबागला गेले. "एसटीत दोन स्टॉपनंतर लिंबू हुंगणारी बाई. मोटारसायकलवर एकदा, एकदासुद्धा तिला मळमळलं नाही. वारा लागला की गाणी म्हणायची." इथे एकशे वीसच्या हायवेवर मोटारसायकलने तिला नेणं म्हणजे वेडेपणा. तेव्हा हायवेपुरतं पिकअपमध्ये, काचा उघड्या ठेवून, हळूहळू, वाटेत थांबत. आणि समुद्राशी आलं की मोटारसायकल.

"म्हणजे दुधासाठी नाही," बाबा म्हणाले.

"दूधही आणू."

"कुंदाताईंना सांगितलंत का हे?" आईने विचारलं.

"सांगून काय गंमत? अशी येईल, अशी बघेल." मग वही उघडून त्यांनी ओळ दाखवली. शेजारची सीट, कुंदा, ५२. आकडा त्या अलिबागच्या दिवसांतला, असं ते म्हणाले.

मी कपात बघत राहिले. आता माझ्या सहा किलोंना तोंड दाखवायला जागा नव्हती. मी खोटं बोलले म्हणून त्यांचा हिशोब चुकणार, आणि तो हिशोब कुंदाकाकूंसाठी मांडलेला.

सांगायचं असं मी दर शुक्रवारी ठरवायचे. इंग्रजीत वाक्य तयार करायचे, मग मराठीत. मसाफी यायची, चढ यायचा, वाक्य राहायचं. दरम्यान काकांचं सामान आणखी कमी झालं. दुसऱ्या शुक्रवारपासून सिलिंडर नव्हता, चहा घरून थर्मासमध्ये. तिसऱ्या शुक्रवारपासून खुर्ची एकच होती. ती ते मला उघडून देत आणि स्वतः डब्याच्या पायरीवर किंवा रेतीत बसत. आई-बाबा आपली चटई आणत. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला रेतीत बसायला आवडत असेल. एकवीस वर्षांच्या माणसाला पन्नाशीचे सगळे म्हातारे वाटतात.

नोव्हेंबर संपता संपता एका गुरुवारी संध्याकाळी आईने मला पुरणपोळ्या देऊन खाली पाठवलं. काकांचं दार उघडंच होतं. ते जमिनीवर बसून हेल्मेट काट्याला लावून बघत होते, नवीन, निळं, बायकी मापाचं. हात मोकळे राहावेत म्हणून फोनचा स्पीकर चालू होता आणि त्यातून कुंदाकाकूंचा आवाज येत होता. मी परत फिरणार तर त्यांनी बस अशी खूण केली.

"अहो, ऐकताय ना? मला मुख्याध्यापिका केलं! काल पत्र आलं. दोघी जणी माझ्या पुढे होत्या, तरी मला!"

इतका आनंदी आवाज मी त्या फोनमधून कधी ऐकला नव्हता.

"अरे वा," काका म्हणाले. "वा. अभिनंदन, कुंदा."

"आता नाताळचं काही जमायचं नाही हो. पहिलंच वर्ष, तपासणी आहे, स्नेहसंमेलन आहे. आणि राजीनाम्याचं तर आता... रागावलात का?"

"छे. रागावायचं काय त्यात? तू पेढे वाट शाळेत. माझ्यातर्फे वाट."

हेल्मेट अजून हुकाला लटकत होतं, गोल गोल फिरत.

"कुंदा, वजन किती आहे तुझं?"

"हे काय तुमचं दर वेळी!" काकू हसल्या. एरवी त्या याच प्रश्नाला फोन ठेवून देत, असं काका सांगायचे. आज खुशीत होत्या. "सदुसष्ट. कालच डॉक्टरांनी केलं. गुडघे बोलतात आता, जिना चढवत नाही. का हो?"

"काही नाही. सहज."

फोन ठेवल्यावर त्यांनी हेल्मेट सोडवलं, काट्याकडे पाहिलं आणि वहीत लिहिलं, एक किलो दोनशे. मग पुरणपोळीचा डबा काट्याला लावला.

"नऊशे ग्रॅम. आईला सांग, भरपूर आहे."

मी वर आले. आईने विचारलं, काय म्हणत होते? मी म्हटलं, नथिंग.

त्या शुक्रवारी ते येणार नाहीत असं मी धरून चालले होते. पण सकाळी सातला रेतीतून हॉर्न वाजला. गाडा जोडलेला, मोटारसायकल आत आवळलेली, काका सीटवर. "बावन्न! यल्ला!" बाबांनी आईकडे पाहिलं, आई पुऱ्या डब्यात भरायला लागली.

मसाफीचा चढ संपला. समुद्र आला. आई-बाबा चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेने चालायला गेले. काकांनी एकुलती खुर्ची उघडून माझ्यासाठी ठेवली आणि स्वतः रेतीत बसले.

मी बसले नाही.

"काका, मी खोटं बोलले होते. आय ॲम फिफ्टी एट. अठ्ठावन्न."

"माहीत आहे," काका म्हणाले.

"कधीपासून?"

"तू बारा वर्षांची होतीस तेव्हापासून तुझं वजन ऐकतोय मी छतातून. मागच्या वर्षीच्या दिवाळीला सत्तावन्न. या मार्चमध्ये अठ्ठावन्न."

"मग हिशोब? सहा किलो?"

"सिलिंडर तीन किलो. माझी खुर्ची तीन किलो." त्यांनी बोटाने रेतीत एक रेघ ओढली आणि पुसली. "काढले की."

मला खुर्चीकडे बघवेना. तिच्यात बसवेना आणि ती मिटवेना. ती तशीच आमच्या मध्ये उभी राहिली.

"मग मला बावन्न का म्हणायचात? सगळ्यांसमोर?"

आई-बाबा खूप लांब गेले होते, दोन ठिपके.

"हाक मारायला बरं वाटायचं," काका म्हणाले.

मग त्यांनी खिशातून वही काढली. शेजारची सीट, कुंदा, यापुढचा आकडा खोडून ६७ लिहिला. खाली वजाबाकी मांडली. माझं गणित बरं आहे, मला ती न बघताच आली. पंधरा किलो.

"आता काय उरलंय काढायला, काका? पलंग तेवढा राहिलाय."

"पलंग लागेल तिला. गुडघे दुखतात." ते दोन्ही हात टेकून उठले आणि पँटची रेती झाडली. "मी आहे ना अजून ब्याऐंशी. माझ्यातूनच काढायचे. वेळ आहे भरपूर."

त्यांनी मोटारसायकल उतरवली. फूटरेस्ट किती उंच आहे ते वितीने मोजलं, मग गुडघ्यापाशी हात धरून पुन्हा एकदा मोजलं. दूध आणतो म्हणाले. दुधाची अख्खी पिशवी आईच्या बास्केटमध्ये होती, आणि ती त्यांनीच निघताना काट्याला लावून पाहिली होती. मी तसं म्हटलं नाही. ते टाकीपर्यंत पुढे सरकून बसले, निळं हेल्मेट कोपरात अडकवलं आणि बीचच्या कडेने निघाले, मागच्या माणसाला झटका बसू नये इतक्या हळू.